फ्यूज बॉक्स बदलला तो शनिवार

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त होती. सभा झाली की उरलेले गठ्ठे वडील ट्रकच्या सीटमागे टाकून घरी आणत. पातळ कागद, गुलाबी नाहीतर पिवळा, आणि हाताला लागणारी शाई. बाराखडी मी शाळेत शिकले, पण वाचायला शिकले ती पत्रकांवर. छापलेल्या बाजूला माणसाला जागं करणारं काहीतरी असायचं आणि कोऱ्या बाजूला माझी गणितं. लिहिणं म्हणजे कुणाला तरी काहीतरी पटवणं, याशिवाय त्याचा दुसरा उपयोग असू शकतो हे मला कॉलेजात जाईपर्यंत माहीत नव्हतं.

वडिलांना आम्ही आबा म्हणतो. आबा ट्रक चालवत. ट्रक अर्धा आमचा होता आणि अर्धा काकांचा. हे काका सख्खे नव्हेत. आम्ही बौद्ध, ते शेवगावकडच्या एका शेतकरी घरातले. तरुणपणी दोघं एकाच साखर कारखान्यावर उसाच्या गाड्या चालवत होते, तिथे जमलं. पुढे दोघांनी मिळून जुना ट्रक घेतला. आमच्या वस्तीत आणि त्यांच्या गावात, दोन्हीकडे, ही भागीदारी एखादा पावसाळा काढेल असंच लोक बोलत होते. ती टिकली, कारण दोघांनी गाडीची कामं वाटून घेतली होती. इंजिन आणि टायर आबांकडे. दिवे, हॉर्न, वायपर, बॅटरी, फ्यूज काकांकडे. एकाच्या कामात दुसरा हात घालत नसे.

अमावास्याही अशीच वाटून घेतलेली होती. नगरच्या मार्केट यार्डात अमावास्येला निम्म्याहून जास्त गाड्या उभ्या असत. धुवायच्या, नारळ फोडायचा, दिवसभर सावलीत झोपायचं. काका त्या दिवशी स्टिअरिंगला हात लावत नसत. आबा मुद्दाम त्याच दिवशी गाडी काढत. व्यापाऱ्यांनाही ते माहीत होतं. अमावास्येला माल हलवायचा असला की ते आमच्या घरी निरोप पाठवत.

ट्रक घेतला तेव्हा पुढच्या बंपरला आधीच्या मालकाचं लिंबू-मिरची लटकत होतं. आबांनी ते काढून फेकलं आणि केबिनच्या कपाळावर निळ्या रंगात अशोकचक्र काढून घेतलं. काका बाजूला उभे होते. एवढंच म्हणाले, "मोकळं मोकळं दिसतंय रं."

त्या वेळी मला ते हास्यास्पद वाटलं होतं. नंतर आईने सांगितलं. काका पोरसवदा असताना एका ट्रकवर क्लीनर होते. नंबरप्लेट झाकली जाते म्हणून ड्रायव्हरने सकाळी लिंबू-मिरची तोडून टाकली, आणि त्याच संध्याकाळी खर्ड्याच्या अलीकडे गाडी नाल्यात गेली. ड्रायव्हर जागेवर गेला. काका वाचले. गाडीचा ब्रेक आधीपासून कच्चा होता, हेही आईनेच सांगितलं. पण काकांच्या डोक्यात ब्रेक राहिला नाही, लिंबू राहिलं.

बिघाड सुरू झाला तो अमावास्येला. दुर्दैव हा शब्द आबांना चालत नसे, म्हणून योगायोग म्हणते. पारनेरकडून कांदा भरून ते नगरला येत होते. कोरडं ऊन, आभाळात ढग नाही, आणि ब्रेक दाबला की वायपर चालू. आबा घरी येऊन हसत सांगत होते. पुढच्या खेपेला डावा इंडिकेटर दिला की हॉर्न वाजायला लागला. रस्त्याच्या कडेला चाललेली माणसं वळून शिव्या द्यायची. मग एका संध्याकाळी घाट उतरताना ब्रेकवर पाय दिला आणि समोरचे दोन्ही दिवे विझले. पाय काढला, दिवे आले. पुन्हा पाय दिला, पुन्हा अंधार. उरलेला घाट आबांनी पुढच्या एका टँकरच्या मागच्या लाल दिव्यावर नजर ठेवून उतरला. त्या दिवशी ते हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी काका आमच्याकडे चहाला बसले होते.

"मी काय म्हनतो," काका म्हणाले, "एकदा शिंगणापूरला तेल घालून येऊ. आन पुढं लिंबू लावू. गाडीला नजर हाय."

"गाडीला वायरिंग हाय," आबा म्हणाले. "कुठंतरी दोन वायरी एकमेकीला भिडल्यात."

"मंग अमुशालाच का भिडल्या?"

"पंचांग बघून भिडल्या असतील."

मी मध्ये तोंड घातलं. शनीच्या चौथऱ्यावर बायकांना चढू देत नाहीत, तर ट्रकला कसं चालतं, असं मी विचारलं. ट्रक हा शब्द पुल्लिंगी आहे म्हणून का?

"बोलली पुढारीन," काका बशीत चहा ओतत म्हणाले. "अगं, ट्रक खालीच उभा ऱ्हातो. वर मी चढतो."

मग दोघांत ठरलं ते असं. आबा म्हणाले, फ्यूजचा सगळा बॉक्स काढून नवा बसवू. सगळ्या वायरी तिथूनच फुटतात. नवा बसवून गाडी सुधारली, तर या गाडीवर पुन्हा लिंबाचं नाव काढायचं नाही. नाही सुधारली, तर काका म्हणतील ते. शांत घाला, लिंबू लावा, कपाळावरचं चक्रसुद्धा पुसून देतो.

काकांनी बशी खाली ठेवली. "चक्र कशाला पुसतो? मी पुस म्हनलो का कधी?"

"मग ठरलं?"

"ठरलं." ते जरा थांबून म्हणाले, "पन आधी बाकीचं बघू. बॉक्स काय, मी नेहमीच बघतो की. बॉक्स चांगला हाय."

आई आतून म्हणाली, "दोघं एकदा त्या गाडीचं लगीन लावून द्या, म्हंजे तरी डोक्यातनं जाईल."

औरंगाबाद रस्त्याला आमचा नेहमीचा वायरिंगवाला मिस्त्री होता. कडुनिंबाखाली पत्र्याची टपरी, बाहेर बॅटऱ्यांची रांग. गडी बोलका, आणि आपण कधीच चुकत नाही अशी त्याची पक्की समजूत. त्याने आधी स्टिअरिंगखालचा स्विच बदलला. फरक पडला नाही. मग इंडिकेटरचा फ्लॅशर बदलला. दोन खेपा गाडी बरी चालली आणि तिसऱ्या खेपेला पुन्हा वायपर फिरले. बॅटरीच्या अर्थिंगचा दोष आहे असं त्याने शपथेवर सांगितलं आणि तेही बदललं. त्या सगळ्या वेळी काका त्याच्या खांद्याशी उभे होते. तो डॅशबोर्डच्या खालच्या फळीला स्क्रू ड्रायव्हर लावायला गेला की काका म्हणायचे, "तिकडचं मी बघितलंय मिस्त्री, तिकडं काय न्हाई."

शेवटी मिस्त्रीच म्हणाला, बॉक्स बदला. एवढ्या जुन्या गाडीचा बॉक्स नगरच्या दुकानांत मिळेना. भंगार बाजारात एक होता, पण तो एका अपघातातल्या गाडीचा. काकांनी तो हातातसुद्धा घेतला नाही. मग पुण्याहून येणाऱ्या एका ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर नवा मागवला. तो आला शुक्रवारी संध्याकाळी.

"उद्या बसवू," आबा म्हणाले.

"उद्या शनिवार," काका म्हणाले. "शनिवारी गाडीला नवं लोखंड लावत न्हाईत."

"हे लोखंड कुठंय? बेकलाइट हाय. आत पितळ."

काकांनी बॉक्स उलटा केला, चारी कोपरे बघितले. "स्क्रू लोखंडाचे हायत."

"स्क्रू जुनेच लावू."

"नगं. ऐतवारी बसवू. उद्या मी शिंगणापूरला जाऊन येतो. परवा सकाळी मी सोता फळी उघडून ठेवतो, मिस्त्रीला आयतं मिळंल."

आबा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. काका गेल्यावर त्यांनी मला सांगितलं, उद्या सकाळी चल माझ्याबरोबर, मागे उभं राहून दिवे बघायला माणूस लागेल. शनिवार आहे म्हणून काम थांबवणं त्यांना मान्य नव्हतं. मलाही नव्हतं. आम्ही निघालो तेव्हा काका जीपने शिंगणापूरच्या वाटेला लागले असतील.

मिस्त्रीने बॅटरीची तार सोडली, फळीचे स्क्रू काढले, फळी खाली उतरवली. आधी वास आला. आंबूस, कुजका, थोडा तिखट. मग त्याने आत हात घातला आणि एक काळी, वाळून खारकेसारखी झालेली गोष्ट बाहेर काढली. मग दुसरी. मग मिरच्यांची देठं. मग एक लिंबू, बऱ्यापैकी ताजं, तारेत ओवलेलं, खाली कोळसा आणि वर मिरच्या. बॉक्सच्या बरोबर वर एक बोल्ट होता, त्याला ते टांगलेलं होतं.

मिस्त्रीने सगळं बॉनेटवर पसरलेल्या कागदावर ओळीने मांडलं. "ड्रायव्हरसाब," तो म्हणाला, "गाडीत लोणचं कुणी घातलंय?"

मी हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी ती तार हातात घेतली. टोकाला तिला एक विशिष्ट पीळ होता, एकदा उलटा, एकदा सुलटा. कांद्याच्या गोण्यांची तोंडं काका असा पीळ देऊन बांधत. यार्डात त्या गाठीवरून आमच्या गोण्या ओळखू येत.

मिस्त्रीने जुना बॉक्स सोडवून उजेडात धरला. तारेने भोसकलेल्या लिंबाचा रस उन्हाने तापून आठवड्यामागून आठवडे त्याच्यावर ठिबकत होता. पितळेच्या पट्ट्यांवर हिरवं कीट चढलं होतं. काही ठिकाणी पट्टी खाऊन कागदासारखी झाली होती. एका खाचेतून दुसऱ्या खाचेत तेच हिरवट चिकट वाहून गेलं होतं. ब्रेकचा करंट वायपरला जात होता तो त्याच वाटेने. दोन उडालेल्या फ्यूजवर, ते बदलण्याऐवजी, सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली होती. तीही काकांचीच.

"अर्थिंगच म्हणत होतो मी," मिस्त्री म्हणाला. "एका अर्थी हे अर्थिंगच."

माझ्या डोक्यात पत्रकाचा मथळा तयार झाला होता. इतका सरळ पुरावा मला आयुष्यात मिळाला नव्हता. अंधश्रद्धेने माणसाचं नुकसान होतं, हे वाक्य मी लहानपणापासून छापील वाचत आले होते. इथे ते लिंबाच्या सालीसकट बॉनेटवर ठेवलेलं होतं.

"काकांना दाखवायचंच," मी म्हणाले.

"हात पूस आणि मागं जाऊन उभी राहा," आबा म्हणाले. मग मिस्त्रीकडे वळून, "तुम्ही नवा बसवा."

एकेक वायर काढून तिला खडूने खूण करून नव्या बॉक्समध्ये लावायची, हे वेळखाऊ काम असतं. आबा खाली बसून वायरी धरत होते. मिस्त्री लोणच्याचे प्रकार सांगत होता. वायरी निम्म्या लागल्या होत्या तेव्हा रस्त्यापलीकडे शिंगणापूरहून परतणारी जीप थांबली आणि काका उतरले. कपाळाला तेल, हातात रुमालात बांधलेला नारळाचा प्रसाद. ट्रकची फळी उघडी बघून त्यांची चाल मंदावली. मग बॉनेटवरचा कागद त्यांना दिसला.

मिस्त्री उठून चहा सांगायला गेला. एरवी तो कामातून उठत नसे.

काकांनी रुमाल टायरवर ठेवला. "तू ऐतवारी म्हनला होतास."

"तू म्हनला होतास," आबा म्हणाले. "कधीपासून हाय हे?"

"पयल्या शनिवारपासनं."

"गाडी घेतली तेव्हापासून?"

"व्हय."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

"काढून टाकलं असतं."

"मंग."

आबा पुन्हा वायरी धरायला वाकले. काकांनीच पुन्हा सुरुवात केली. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "इतकी वर्सं गाडी एकदा तरी कलंडली का? अमुशा-बिमुशा न बघता पळवलीस, कधी खरचटलं का तुला? तू म्हनतोस लिंबू न्हवतं तरी चाललं. लिंबू हुतं की."

तर्काने बघितलं तर त्यात काही नव्हतं, पण तो माणूस ते मनापासून बोलत होता.

आबांनी जुना बॉक्स उचलून त्यांच्या हातात दिला. "हे बघ. घाटात दिवे गेले ते ह्याच्यानं."

काकांनी तो बघितला. अंगठ्याने हिरवं कीट खरवडलं. नखाला लागलेलं नाकाशी नेऊन हुंगलं. दिवे, हॉर्न, फ्यूज हे सगळं त्यांच्याकडे होतं. त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

"मला म्हाईत न्हवतं," ते म्हणाले. मग पुन्हा एकदा, अगदी हळू, "तुझ्या जिवावर बेतलं असतं लेका. मला म्हाईत न्हवतं रं."

मिस्त्री चहा घेऊन आला. काम पूर्ण झालं. बॅटरीची तार जोडली. मी मागे उभी राहिले. आबांनी ब्रेक दाबला, मागचा लाल दिवा लागला, मी "लागला" म्हणाले. पुढे वायपर जागेवर होते. डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर, हॉर्न, पुढचे दिवे. प्रत्येक गोष्ट आपापली लागली आणि आपापली बंद झाली. मिस्त्रीने हे सगळं आपल्यामुळेच झालं अशा चेहऱ्याने हात पुसले.

काका खिशातून आपली किल्ली काढून बॉनेटवर ठेवत म्हणाले, "शब्द दिलाय. ह्या गाडीवर आता लिंबू न्हाई. तू जिंकलास."

"किल्ली कशाला काढलीस?"

"मला न्हाई जमनार. बिनलिंबाची गाडी मी न्हाई चालवू शकत. हसायचं तर हास. आत ते हाय एवढं म्हाईत असलं की चालवत हुतो. तू दुसरा मानूस बघ. माझा हिस्सा हळूहळू सोडव."

ते रागाने बोलत नव्हते. रागाने बोलले असते तर सोपं होतं, आबांना भांडायची सवय होती.

आबा चहाचा ग्लास हातात धरून ट्रकच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी बॉनेटवरची ती तार घेतली, लिंबू त्यातून ओढून काढून फेकलं, आणि खाली वाकून तार पुढच्या बंपरला, डाव्या टोकाला, निळ्या चक्राच्या बरोबर खाली बांधली. पीळ काकांसारखा जमला नाही. एक रिकामा आकडा तयार झाला.

"काय लावायचं ते इथं लाव," ते म्हणाले. "आत न्हाई. वायरीपासून लांब. आणि माझ्यापासून लपवून न्हाई."

"आबा," मी म्हणाले, "तुम्ही जिंकलाय."

"व्हय. पण गाडी दोघांची हाय."

काका बंपरकडे बघत राहिले. "आन तुझी मानसं काय म्हनतील? वर चक्र, खाली लिंबू. पत्रकं वाटतोस तू."

"विचारतील. सांगीन, चक्र माझं, लिंबू भागीदाराचं."

काकांनी बंपरापाशी उकिडवं बसून आबांचा पीळ सोडला आणि स्वतःच्या पद्धतीने पुन्हा घातला. मग किल्ली उचलून खिशात टाकली.

लोकांनी विचारलं. वस्तीतल्या तरुण पोरांनी आबांना बुद्धविहाराबाहेर अडवून विचारलं, आणि आबांनी जे सांगेन म्हटलं होतं तेच सांगितलं. काहींना पटलं नाही. मलाही ते पटलेलं नाही, अजूनही. लिंबाने दिवे विझवले हे सिद्ध झाल्यावर लिंबाला बंपरवर मानाची जागा द्यायची, ही तडजोड आहे, आणि तडजोडीला मी तडजोडच म्हणते. आबांशी यावर माझं तेव्हा भांडण झालं आणि पुढेही अनेकदा झालं. त्यांनी एकदाही माझं म्हणणं खोडून काढलं नाही. तार मात्र काढली नाही.

पत्रक मी त्याच संध्याकाळी लिहिलं. नावं नव्हती, पण 'एका अडाणी ट्रकचालकाने' अशी सुरुवात होती. आबांनी ते वाचलं, माझ्याकडून पेन मागून घेतलं, 'एका अडाणी ट्रकचालकाने' एवढं खोडून 'आम्ही आमच्या ट्रकमध्ये' असं लिहिलं, आणि पेन परत दिलं. त्यामुळे पुढची सगळी क्रियापदं बदलावी लागली. ती बदलून मी पत्रक छापून घेतलं.

गठ्ठा यार्डात पोचवायला काकाच गाडी घेऊन आले. शनिवार होता, बंपरला नवं लिंबू होतं. मी शेजारी बसले होते. हमाल गोण्या उतरवत होते तेवढ्या वेळात काकांनी एक पत्रक काढून घेतलं आणि स्टिअरिंगवर पसरून, ओठ हलवत, शेवटपर्यंत वाचलं.

"चांगलं लिव्हलंय," ते म्हणाले. "पन एक चुकलं."

"काय?"

"लिंबू वाईट न्हवतं. जागा वाईट हुती. तेवढं घाल फुडच्या टायमाला."

"पुढच्या वेळी घालणार नाही," मी म्हणाले.

"म्हाईत हाय," काका म्हणाले, आणि पत्रकाची घडी घालून सीटमागच्या गठ्ठ्यावर परत ठेवली. मग त्यांनी ब्रेकवर पाय दाबला आणि समोर वायपरकडे बघितलं. वायपर हलले नाहीत. बॉक्स बदलला त्या दिवसापासून निघायच्या आधी ते दर वेळी असं करून बघत.